खारपाणपट्ट्याचं गणित आणि घडण बदलणारी चिप

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या भागात विहिरीला पाणी लागलं की लगेच कोणी आनंद करत नाही. आधी ओंजळभर तोंडात घेऊन बघतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. वर काळी कसदार माती, खाली गाळाचे जाड थर आणि त्यांत क्षारांनी भरलेलं पाणी. एखाद्या गावानं बोअर मारून गोडं पाणी जोरात उपसलं, तर शेजारच्या शिवारातलं खारं पाणी किती वर्षांत इकडं सरकेल? प्रश्न पाण्याचा आहे. कागदावर मांडायला घेतला की तो गणिताचा होतो, आणि गणित मोठं झालं की कॉम्प्युटरच्या मेमरीचा होतो. या लेखात मला त्या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिथं सध्या चिपच्या रचनेत फार मजेदार गोष्टी चालू आहेत.

जमिनीखाली पाणी कसं चालतं याचा नियम जुनाच आहे. हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनिअरनं तो १८५६ साली मांडला. जिकडं पातळीचा उतार तिकडं पाणी. उतार जितका जास्त आणि थर जितका झिरपू देणारा, तितका प्रवाह जास्त. आता समजा, १०० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद असा तुकडा आपण घेतला. त्याचे ५० मीटरचे चौकोन पाडले आणि खाली २० थर मोजले. २,००० गुणिले १,००० गुणिले २०, म्हणजे ४ कोटी घरं झाली. प्रत्येक घरातली पाण्याची पातळी माहीत नाही, म्हणून ४ कोटी अज्ञात संख्या आणि तेवढीच समीकरणं. (खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, त्यामुळं खरं गणित याहून किचकट होतं. ते इथं बाजूला ठेवतो.)

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं आहे. एका घरातल्या पाण्याचा थेट संबंध फक्त सहा शेजाऱ्यांशी येतो: चार दिशांचे चार, एक वरचा, एक खालचा. त्यामुळं प्रत्येक समीकरणात सातच गुणक असतात, सहा शेजाऱ्यांचे आणि एक स्वतःचा. सगळी समीकरणं एका मोठ्या चौकोनी तक्त्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये मांडली, तर त्यात ४ कोटी ओळी आणि ४ कोटी स्तंभ येतील. तो पूर्ण साठवायचा तर १२,८०० टीबी जागा लागेल. पण त्यात बहुतेक सगळीकडं शून्यच आहेत. शून्य सोडून उरतात २८ कोटी संख्या. प्रत्येक संख्येला ८ बाइट आणि ती कोणत्या स्तंभातली हे सांगायला आणखी ४ बाइट धरले, तर होतात ३३६ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ३.३६ जीबी. याला विरळ मॅट्रिक्स म्हणतात. हवामान, पुलाचा ताण, तेलाचे साठे, विजेचं ग्रीड अशा पुष्कळ मोठ्या गणितांत शेवटी असंच विरळ मॅट्रिक्स हाती येतं.

हे सोडवायची एक खात्रीची पद्धत १९५२ साली हेस्टेन्स आणि स्टीफेल यांनी दिली. आधी उत्तराचा अंदाज धरायचा, मॅट्रिक्सनं गुणून चूक किती उरली ते पाहायचं, ठरलेल्या दिशेनं सुधारणा करायची, पुन्हा गुणायचं. असे शेकडो, कधी हजारो फेरे. आणि दर फेऱ्याला ती ३.३६ जीबीची सगळी थप्पी मेमरीतून प्रोसेसरकडं नव्यानं आणावी लागते.

खरी अडचण इथंच आहे. एका फेऱ्यात २८ कोटी गुणाकार आणि जवळपास तेवढ्याच बेरजा होतात, एकूण ५६ कोटी क्रिया. सेकंदाला १०,००० कोटी क्रिया करणं आजच्या चांगल्या डेस्कटॉप प्रोसेसरला जड नाही. म्हणजे काम ५.६ मिलिसेकंदांत व्हायला हवं. पण डीडीआर४ या नेहमीच्या कॉम्प्युटरातल्या मेमरीचा ३२०० वेगाचा एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देतो. त्यातून ३.३६ जीबी यायला १३१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १३१ पैकी साधारण १२५ मिलिसेकंद प्रोसेसर हात बांधून बसलेला. दोन चॅनेल लावले तर वेळ निम्मा होतो, दुखणं तेच राहतं.

अमरावतीला इंजिनिअरिंग करणारा माझा पुतण्या हा हिशेब पाहून म्हणाला, "पण काका, प्रोसेसर एवढा फास्ट हाय तं मंग थांबते काऊन?" त्याला मी हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगचं उदाहरण दिलं. आत रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रं, कितीही बसवा. फाटक एक आणि वजनकाटा एक असेल, तर दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर जाते आणि आतले रेचे रिकामे फिरतात. आणखी रेचे घेऊन उपयोग नाही. फाटकं वाढवावी लागतात.

चिप बनवणाऱ्यांना हे फार आधी दिसलं होतं. वुल्फ आणि मॅकी या संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ साली या अडथळ्याला 'मेमरीची भिंत' असं नाव दिलं. प्रोसेसरचा वेग वर्षागणिक मेमरीच्या वेगापेक्षा कितीतरी झपाट्यानं वाढत होता. विजेच्या बाजूनंही तीच तऱ्हा. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांच्या दोन अपूर्णांकी संख्यांची बेरीज करायला सुमारे ०.९ पिकोज्यूल ऊर्जा लागते, आणि तेवढीच एक संख्या बाहेरच्या मेमरीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. बेरजेच्या सातशेपट खर्च नुसत्या वाहतुकीचा. पुढच्या चिपांमध्ये आकडे बदलले, तरी वाहतूक महाग आणि बेरीज स्वस्त ही गोष्ट बदललेली नाही.

महासंगणकही यातून सुटत नाहीत. जपानचा फुगाकू नोव्हेंबर २०२० च्या यादीत जगात पहिला होता, तेव्हा भरगच्च मॅट्रिक्सच्या चाचणीत त्याचा वेग ४४२ पेटाफ्लॉप्स होता (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या क्रिया). आपल्यासारख्या विरळ मॅट्रिक्सच्या चाचणीत तोच संगणक १६ पेटाफ्लॉप्सवर आला, शंभरातले चारसुद्धा नाहीत. आणि तरीही त्या चाचणीतही तो पहिलाच होता! कारण त्याच्या प्रत्येक चिपशेजारी थर रचलेली मेमरी होती.

ही थरांची मेमरी म्हणजे एचबीएम, हाय बँडविड्थ मेमरी. नेहमीची मेमरी मदरबोर्डावर लांब बसते आणि तिथून प्रोसेसरपर्यंत डेटाच्या ६४ तारा येतात. तारा वाढवाव्यात तर चिपच्या पिना पुरत नाहीत आणि बोर्डावर जागा उरत नाही. एचबीएममध्ये मेमरीच्या चिपा घासून अगदी पातळ करतात आणि एकीवर एक चढवतात. त्यांच्या आरपार सूक्ष्म छिद्रं पाडून ती तांब्यानं भरतात, म्हणजे सगळ्या थरांतून उभ्या तारा जातात. ही गड्डी मग प्रोसेसरच्या अगदी शेजारी, सिलिकॉनच्याच एका पाटावर बसते. त्या पाटावर तारा इतक्या बारीक काढता येतात की एका गड्डीला डेटाच्या १,०२४ तारा मिळतात. दुसऱ्या पिढीच्या एचबीएममध्ये प्रत्येक तार सेकंदाला साधारण २ गिगाबिट वाहते. हा वेग डीडीआर४च्या ३.२ पेक्षा कमीच आहे! पण तारा सोळापट आहेत, म्हणून एका गड्डीतून सेकंदाला सुमारे २५६ जीबी येतात. याचं मानक २०१३ साली ठरलं आणि २०१५ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स कार्डातून ती पहिल्यांदा बाजारात आली.

इथं एक गैरसमज कायम होतो. एचबीएम लावली की मेमरी 'लवकर' उत्तर देते, असं लोक धरून चालतात. तसं नाही. एक संख्या मागितल्यावर ती हातात यायला लागणारा वेळ जुन्या मेमरीइतकाच, कधी थोडा जास्तच असतो. वाढतं ते फक्त एका वेळी येणारं प्रमाण. त्यामुळं पुढं काय लागणार हे आधीच ओळखून मागणी नोंदवून ठेवणारा प्रोसेसर नसेल, तर एचबीएमचे पैसे वाया.

म्हणून आता प्रोसेसरकडं वळू. नेहमीच्या प्रोसेसरची घडण कारखान्यात कायमची ठरते. नंतर आपण फक्त त्याला हुकूम देतो: ही संख्या आण, ती आण, गूण, ठेव. घडणच बदलता येईल असा संगणक करावा ही कल्पना जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये मांडली होती. ती हातात धरता येईल अशी व्हायला १९८५ उजाडलं. रॉस फ्रीमन हे ज्या झायलिंक्स कंपनीचे एक संस्थापक, तिनं एक्ससी२०६४ ही चिप आणली. तिच्यात बदलता येणारे ६४ ठोकळे होते. अशा चिपला एफपीजीए म्हणतात.

आतली युक्ती साधी आहे. आजच्या ठोकळ्यात सहा तारा आत येतात, प्रत्येकीवर ० किंवा १. सहा तारांच्या मिळून ६४ तऱ्हा होतात. प्रत्येक तऱ्हेला उत्तर काय द्यायचं ते ६४ बिटांच्या छोट्या तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं. तक्ता बदला की तोच ठोकळा आज बेरजेचा तुकडा, उद्या तुलना करणारा. ठोकळे जोडणाऱ्या तारांच्या वाटेवरही असेच बिटांनी चालणारे स्विच. म्हणजे लाखो बिटांची एक फाइल चिपमध्ये भरली की सिलिकॉनवर नवं सर्किट तयार. बहुतेक एफपीजीएंमध्ये ही फाइल अशा मेमरीत राहते की लाइन गेली की सगळं पुसलं, आणि आल्यावर फ्लॅशमधून पुन्हा भरावं लागतं. आपल्याकडच्या कृषी फीडरवर हा प्रकार रोजच बघायला मिळेल.

एफपीजीएचा ठोका, म्हणजे ज्या तालावर चिप पावलं टाकते तो क्लॉक, मंद असतो, साधारण २०० ते ४५० मेगाहर्ट्झ. नेहमीचा प्रोसेसर ३-४ गिगाहर्ट्झवर चालतो. तरी एफपीजीए टिकतो, कारण एका ठोक्यात हजारो गोष्टी शेजारी शेजारी होतात आणि एका गुणाकाराचं उत्तर परत मेमरीत न जाता थेट पुढच्या बेरीजयंत्रात उतरतं.

आता दोन्ही एकत्र आणू. झायलिंक्सच्या अल्विओ यू२८० या एफपीजीए बोर्डावर ८ जीबी एचबीएम२ आहे, सुमारे १३ लाख ठोकळे आहेत आणि गुणाकारासाठी ९,०२४ खास तुकडे. मेमरीचे ३२ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला सुमारे १४.४ जीबी, मिळून ४६० जीबी. आपलं ३.३६ जीबीचं मॅट्रिक्स ७.३ मिलिसेकंदांत येतं. महिना-महिन्याच्या पावलांनी ३० वर्षं पुढं जायचं, म्हणजे ३६० वेळा समीकरणं सोडवायची आणि दर वेळी हजार फेरे धरायचे, तर नुसतं मॅट्रिक्स वाचायला एका डीडीआर४ चॅनेलवर १३ तास जातात, इथं पाऊण तास.

कागदावर हे छान दिसतं. करायला घेतलं की डोकं खरंच लागतं. हे ४६० जीबी मिळतात ते ३२ चॅनेल सतत आणि सारखे चालू असतील तरच. मॅट्रिक्सचा मोठा भाग चुकून चार चॅनेलांत ठेवला, तर बाकीचे २८ रिकामे आणि वेग आठव्या हिश्शावर. ४५० मेगाहर्ट्झला दर ठोक्याला १,०२४ बाइट येतात, म्हणजे सुमारे ८५ गुणक. त्या सगळ्यांसाठी गुणाकारयंत्रं तयार हवीत आणि बेरीजही तेवढ्याच वेगानं उरकायला हवी. पण अपूर्णांकी बेरीज एका ठोक्यात संपत नाही. समजा आठ ठोके लागतात. एकाच ओळीतल्या सात संख्या एकामागून एक मिळवायच्या म्हटल्या, तर प्रत्येक बेरीज आधीचीची वाट बघत बसेल. म्हणून आठ वेगवेगळ्या ओळी आलटून पालटून त्याच यंत्रात सोडतात. पहिल्या ओळीची पाळी परत येईपर्यंत तिची आधीची बेरीज झालेली असते.

मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र घरं कोणत्या क्रमानं वाचायची हा आहे. एका घराचं उत्तर काढताना सहा शेजाऱ्यांच्या पातळ्या लागतात. त्या दर वेळी मेमरीतून आणल्या तर कमावलं ते गेलं. म्हणून नुकत्याच येऊन गेलेल्या पातळ्या चिपच्या आत धरून ठेवायच्या. किती? एक आडवा थर पूर्ण वाचायचा, मग खालचा, असं केलं तर दोन थर धरावे लागतात. २,००० गुणिले १,००० ची २० लाख घरं, दोन थरांची ४० लाख, ८ बाइटांच्या हिशेबानं ३२ एमबी. चिपच्या आत एकूण जागाच ४० एमबीच्या आसपास आहे. आता तोच तुकडा पूर्व-पश्चिम लांबीच्या दिशेनं कापत चला. एक उभा काप म्हणजे १,००० गुणिले २०, फक्त २०,००० घरं. दोन काप धरायला ३२० केबी पुरतात! गणित तेच, उत्तर तेच, नुसती चालण्याची दिशा बदलली आणि जागा शंभराव्या हिश्शावर आली.

मग पुढचं सुचतं. आपली घरं ओळीनं मांडलेली आहेत, तर स्तंभाचा ४ बाइटांचा पत्ता कशाला साठवायचा? तो सर्किटलाच माहीत आहे. दोन घरांमधला गुणक इकडून तिकडं आणि तिकडून इकडं सारखाच असतो, म्हणून साताऐवजी चारच साठवायचे. आणि मातीच्या झिरपण्याचं मोजमाप मुळातच अंदाजाचं, तर गुणक ६४ बिटांत ठेवण्यात काय अर्थ? ३२ बिट भरपूर झाले. उरलेली चूक तेवढी जास्त अचूकतेनं मोजून दुरुस्त करत जायची, ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. ३३६ कोटी बाइटचं मॅट्रिक्स ६४ कोटींवर येतं आणि वाचायला १.४ मिलिसेकंद. मेमरीनं १८ पट दिलं, मांडणीनं आणखी ५ पट.

मॅट्रिक्स असं आटलं की जड होतात ते व्हेक्टर, म्हणजे ४ कोटी पातळ्यांच्या याद्या. एक यादी ३२ कोटी बाइटची, आणि अशा चार-पाच याद्या दर फेऱ्यात पुन्हा पुन्हा वाचाव्या-लिहाव्या लागतात. तिथं पायऱ्या जोडून टाकायच्या. गुणाकारातून बाहेर पडणारी यादी मेमरीत न ठेवता तशीच पुढच्या पायरीत न्यायची. सर्किट हातानं घडवण्याचा खरा फायदा मला इथं वाटतो.

कोणी म्हणेल, यातल्या बऱ्याच युक्त्या साध्या प्रोसेसरवरही चालतात. चालतात. आणि एचबीएम असलेले मोठे जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डातले प्रोसेसर, सेकंदाला ३ टीबीच्या पुढं गेले आहेत, मग एफपीजीए कशाला? सरळसोट विरळ गुणाकारच करायचा असेल तर जीपीयू घ्यावा, असं मी तरी सांगेन. भरगच्च मॅट्रिक्सला तर प्रश्नच नाही. घडण बदलणारी चिप उपयोगी पडते ती विचित्र जागी: २० बिटांच्या संख्या हव्या असतील, पायऱ्या नेहमीच्या साच्यात बसत नसतील, किंवा विजेचं बजेट तोकडं असेल तिथं. शिवाय एफपीजीएवर एक सर्किट बसवायला सॉफ्टवेअर कित्येक तास घेतं. रात्री लावून झोपायचं आणि पहाटे कळतं की ठोक्याच्या वेळेत बसलं नाही.

हा त्रास कमी करायला मधला मार्गही निघाला आहे. बिट-बिट बदलण्याऐवजी पूर्ण गुणाकारयंत्रं आणि मेमरीचे तुकडे आधीच पक्के करायचे, आणि फक्त त्यांच्या जोडण्या बदलायच्या. स्टॅनफर्डची २०१७ ची प्लास्टिसिन ही रचना याच जातीची. सांबानोव्हा कंपनीच्या एसएन४०एल चिपमध्ये अशा भरड घडणीशेजारी ६४ जीबी एचबीएम आहे. ओघ सध्या एआयकडं आहे, पण आतलं काम पुन्हा मॅट्रिक्सचंच.

उष्णतेचा मुद्दा विदर्भात तरी सोडता येणार नाही. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे गळणारा विद्युतभार, तो ठरावीक वेळानं पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली की गळती वाढते आणि भरणी दुप्पट वेळा करावी लागते. तेवढा वेळ डेटा मिळत नाही. थर रचलेल्या मेमरीत मधल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाट कमी. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, असा बोर्ड नुसत्या पंख्यावर चालवायचा विचार करू नये.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध नाही असं वाटत असेल, तर दोन गोष्टी. देशाचा पहिला महासंगणक परम ८००० हा १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला आणि त्या कामाचं नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांनी केलं. आणि मे २०२५ पासून भारतीय हवामानाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकोनांवर काढला जातो, पुण्याच्या 'अर्क' या महासंगणकावर. चौकोन निम्मा केला की घरं चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम आठपट. पेरणीआधी मोबाइलवर येणाऱ्या पावसाच्या अंदाजामागंही शेजारी घरांचंच गणित आहे.

कोणाला हात घालून बघायचा असेल तर महागडा बोर्ड लागत नाही. लॅटिसच्या आइस४० मालिकेतल्या छोट्या एफपीजीएसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही साधनं फुकट आहेत, आणि बोर्डाशिवाय नुसत्या लॅपटॉपवर तपासायला आयकॅरस व्हेरिलॉग आहे. सुरुवात एका ओळीत मांडलेल्या १६ घरांपासून करावी. प्रत्येक घराला दोनच शेजारी, संख्या १६ बिटांच्या पूर्णांकी. एका टोकाला विहीर उपसायची आणि ठोक्या-ठोक्याला पातळी कशी उतरत जाते ते लहरींच्या आलेखात पाहायचं. ते जमलं की १६ घरं मेमरीतून वाचायची आणि दर ठोक्याला किती आली ते मोजायचं.